किल्ल्या मोजा: गाडीच्या चिप-किल्लीविषयी वाचकांचे प्रश्न

चारचाकीच्या किल्लीवर या वेळी इतकी पत्रं आली की संपूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्र. गाडीची दुसरी किल्ली बाजारातल्या चावीवाल्याकडून करून घेतली. दार उघडतं, किल्ली इग्निशनमध्ये व्यवस्थित फिरते, पण इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. चावीवाला म्हणतो, वर चिपचे पैसे लागतील. ही चिप नेमकं करते काय? – एक वाचक, सातारा

उ. चावीवाल्याने पात्याची नक्कल केली, पण किल्लीचा अर्धा भाग तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत असतो. मूळ किल्लीच्या मुठीत १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद आणि ३ जाड असा काळा चौकोनी तुकडा किंवा तांदळाच्या दाण्याहून मोठी काचेची नळी असते. रिमोटच्या किल्लीत बऱ्याचदा ती रिमोटच्या सर्किटवरच बसवलेली असते. हीच ट्रान्सपॉन्डर चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असलेली एक रिंग असते. किल्ली फिरवली की ती रिंग १२५ किलोहर्ट्झचं (काही गाड्यांत १३४.२) क्षेत्र तयार करते, त्यातूनच चिपला लागेल तेवढी वीज मिळते आणि ती उत्तर देते. पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा.

सुरुवातीच्या चिपा आपला ठरलेला नंबर तेवढा सांगायच्या. नंतरच्या चिपा हुशार आहेत. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते, चिप आपल्यापाशी असलेल्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढते आणि गाडी तेच गणित स्वतः करून ताडून पाहते. जुळलं तर इंजिनच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीएमला, होकार जातो. नाही जुळलं तर ईसीएम इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतं. या सगळ्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. तुमचं इंजिन धरून सुटतं ते यामुळेच. काही गाड्यांत तर सेल्फसुद्धा फिरत नाही.

किल्लीची विजेच्या रूपात ओळख पटवायची ही कल्पना बाजारात आणली जनरल मोटर्सने. १९८६ च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक विरोध करणारा तुकडा, बसवलेला असे. त्याची मूल्यं होती फक्त १५, म्हणजे पंधरा किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा चोर कधी ना कधी आत शिरणारच. रेडिओ चिप आली ती नव्वदच्या दशकात. युरोपीय संघाने १९९८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या आकडेवारीवरून दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज असा की १९९५ ते २००८ या काळात या सक्तीमुळे तिथली मोटारचोरी सरासरी ४० टक्क्यांनी घटली. उलट अमेरिकेत ही सक्ती कधी झालीच नाही. तिथे २०२१ नंतर किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या किया आणि ह्युंदाईच्या गाड्या पोरांनी अक्षरशः यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून पळवल्या, कारण त्या मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांत तो होता. आपल्याकडे मारुतीने हीच व्यवस्था आय-कॅट्स या नावाने दिली. इतर कंपन्या नुसतं इमोबिलायझर म्हणतात.

तेव्हा चावीवाला मागतो ते पैसे वाजवी आहेत. फक्त तो चिप ‘क्लोन’ करणार की गाडीत ‘नोंदवणार’, हे पैसे देण्याआधी विचारा. फरक पुढच्या उत्तरात आहे.

प्र. गाडीबरोबर मिळालेल्या दोनपैकी एक किल्ली हरवली. शोरूमने सांगितलेला खर्च चावीवाल्याच्या चौपट आहे. चावीवाल्याकडून करून घेतली तर काय बिघडेल? – एक वाचक, नाशिक

उ. क्लोन करणं म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब प्रत काढणं. गाडीला दोन किल्ल्यांत फरकच कळत नाही, तिच्या यादीत नोंद एकच राहते. नोंदवणं म्हणजे नवी, स्वतंत्र ओळख असलेली चिप गाडीच्या यादीत घालणं. त्यासाठी गाडीचा पिन, म्हणजे तिचा गुप्त आकडा, आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) जोडायचं स्कॅनर लागतं. यादीत किती किल्ल्या मावतात हे गाडीवर अवलंबून असतं. अनेक गाड्यांत आठपर्यंत.

क्लोन पाच-दहा मिनिटांत होतो, कारण बऱ्याच जुन्या चिपांचं कोडं केव्हाच सुटलं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची चिप २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी फोडून दाखवली. हिटॅग-२ ही ४८ बिटांची चिप, जी चावीवाल्यांच्या भाषेत ‘आयडी ४६’, ती २०१२ मध्ये. मेगामॉसवरचा, म्हणजे ‘आयडी ४८’ वरचा, शोधनिबंध २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने रोखला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवा की तुमची किल्ली दहा मिनिटं दुसऱ्याच्या हातात राहिली तर तिची प्रत निघू शकते आणि त्या प्रतीचा मागमूस गाडीत कुठेही राहत नाही.

तुमच्या बाबतीत मुख्य प्रश्न वेगळाच आहे: हरवलेली किल्ली अजूनही तुमची गाडी सुरू करते. नवी किल्ली क्लोन केलीत तर हरवलेलीची नोंद तशीच राहते. म्हणून नोंदणीच करून घ्या, आणि करताना ‘आधीच्या सगळ्या किल्ल्या पुसून हातातल्या दोनच नोंदवा’ असं स्पष्ट सांगा. पुसताना घरातली प्रत्येक किल्ली जवळ हवी. जी घरी राहील ती त्या क्षणापासून गाडी सुरू करणार नाही. काम झाल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर ‘नोंदवलेल्या किल्ल्या: २’ असं स्वतः वाचून फोटो काढून ठेवा. एवढं करूनही हरवलेल्या किल्लीचं पातं दार उघडेलच. घरासमोर हरवली असेल, किंवा किल्लीबरोबर आरसीची प्रत गेली असेल, तर दार आणि इग्निशनचे लॉक बदलणं भाग आहे.

पोलिसांकडे किल्ली हरवल्याची नोंद करा आणि विमा कंपनीला ईमेलने कळवा. त्याचं कारण विम्याच्या प्रश्नात येईल.

शोरूम की चावीवाला? ज्याचं पक्कं दुकान आहे, जो बिल देतो आणि आरसी व ओळखपत्र मागतो, असा चावीवाला चालेल. आरसी न मागता किल्ली करून देणारा उद्या चोरालाही करून देईल. गाडीची वॉरंटी चालू असेल तर मात्र शोरूमच बरं. नव्या मॉडेलांत पिन कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि बाहेर तो मिळवायच्या खटपटीत ईसीएम लॉक झालं तर किल्लीवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

प्र. सेकंडहँड गाडी घेतली. एकच किल्ली मिळाली, ‘दुसरी हरवली’ असं मालक म्हणाला. भीती बाळगायचं कारण आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उ. आहे. त्या मालकावर संशय घ्यायची गरज नाही, पण ती किल्ली आज कुठे आहे हे त्यालाही ठाऊक नाही. गाडी पाच-सहा हातांतून गेलेली असते: मालक, ड्रायव्हर, एजंट, गॅरेज, वॉशिंग सेंटर.

वरच्याप्रमाणे यादी पुसून घ्या, पण इथे एक मेख आहे. हातात आलेली एकमेव किल्ली पुन्हा नोंदवलीत आणि तिचा क्लोन कुणाकडे असला, तर बहुतेक जुन्या पद्धतींत तो क्लोनही परत चालू होतो. गाडीच्या लेखी दोन्ही एकच. म्हणून सेकंडहँड गाडीला दोन कोऱ्या चिपा घ्या, त्या नोंदवा आणि जुनी किल्ली यादीबाहेर ठेवा. जुनी फेकू मात्र नका. विम्याला दाखवायची वेळ आली तर ती लागते.

मालकाकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, किल्ल्यांसोबत येणारी छोटी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावरच्या नंबरावरून पातं कापता येतं. दुसरी, पिन असलेलं कार्ड. दोन्ही घरी कपाटात ठेवा. ग्लव्ह बॉक्समध्ये मॅन्युअलच्या पाकिटात ही दोन्ही सापडणाऱ्या गाड्या काही थोड्या नाहीत. काच फोडणाऱ्या चोराला याहून मोठी भेट कोणती?

प्र. पावसाळ्यात सकाळी कधी कधी गाडी सुरूच होत नाही, डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा फडफडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. मेकॅनिकने फ्युएल पंप बदलला, फरक पडला नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उ. पंप फुकट गेला. दिवा फडफडतो याचा अर्थ गाडी किल्ली ओळखत नाही. इग्निशन ऑन केल्यावर तो दोन-तीन सेकंद स्थिर लागून विझला तर किल्ली ओळखली गेली. त्यानंतरही सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाही, असं झालं तरच पेट्रोल आणि स्पार्कच्या मागे लागायचं.

शोध असा घ्या. आधी किल्ली जुडग्यातून सोडवून एकटी वापरा. दोन चिप-किल्ल्या एकाच कड्यात असल्या तर दोघीही एकदम उत्तर देतात आणि गाडीला एकीचंही नीट ऐकू येत नाही. चिपेला चिकटून असलेलं जाड पितळी कडंही त्रास देतं. मग दुसरी किल्ली लावून पाहा. दुसरीने कधीच अडत नसेल तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी अडत असेल तर दोष गाडीत.

किल्लीत काय बिघडतं? बहुतेकदा कुणीतरी तिचं कव्हर बदललेलं असतं. जुनं कव्हर तुटतं, फुटपाथवर दोनशे-तीनशे रुपयांत नवं फ्लिप कव्हर बसवलं जातं आणि चिप त्यात सैल राहते. किल्ली ज्या बाजूने वळवाल तशी ती सरकते. कव्हर उघडून चिपेखाली फोमचा पातळ तुकडा ठेवला की भागतं. रिमोटचा सेल बदलून उपयोग नाही. त्या बिचाऱ्याचा इमोबिलायझरशी संबंधच नाही. सेल संपलेल्या रिमोटच्या किल्लीनेही गाडी सुरू व्हायला हवी.

गाडीतला दोष तपासताना आधी बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.४ व्होल्टच्या वर हवी, आणि सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं की इमोबिलायझरचा डबा गडबडतो आणि दोष किल्लीवर ढकलला जातो. सिगारेट लायटरमध्ये स्वस्त चार्जर किंवा एफएम ट्रान्समीटर असेल तर काढून पाहा. तेही ठीक असेल तर स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक काढून इग्निशनभोवतीच्या रिंगचं कनेक्टर बघा. कोकणातल्या दमट हवेत त्याच्या पिनांवर हिरवट बुरशी चढते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोनदा काढघाल केली की ती निघते. सकाळी गारठ्यात अडणं आणि गाडी तापल्यावर चालणं, ही या हिरव्या पिनांची किंवा रिंगच्या तारेत पडलेल्या बारीक भेगेची खूण आहे.

प्र. समुद्रात पोहताना किल्ली खिशातच राहिली. रिमोट चालत नाही, पण गाडी सुरू होते. असं कसं? – एक वाचक, अलिबाग

उ. चिप काचेत किंवा रेझिनमध्ये सीलबंद असते, रिमोट नसतो. ताबडतोब सेल काढा, सर्किट बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. चोवीस तास सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही, आणि मीठच सर्किट खातं. आठवडा उलटला असेल तर बहुधा उशीर झाला आहे.

प्र. अॅक्सेसरीजच्या दुकानात जुन्या गाडीला पुश-बटन स्टार्ट आणि मोबाइलवरून गाडी सुरू करायचं किट बसवून देतात. बसवावं का? – एक वाचक, पुणे

उ. नको. आणि आधीच बसवलं असेल तर आजच स्टिअरिंगखाली बघा.

चिप जवळ असल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. मग बटन दाबून, किल्ली न लावता ती सुरू व्हायची कशी? बसवणारा तुमच्या दुसऱ्या किल्लीतली चिप काढतो आणि इग्निशनच्या रिंगला इन्सुलेशन टेपने कायमची बांधून टाकतो. झालं! आता गाडीला सदासर्वकाळ किल्ली लावलेलीच आहे. तुमची गाडी १९९० च्या गाडीइतकी उघडी झाली. तारा जोडल्या की निघाली. जरा बरी किटं चिपला एका डबीत ठेवून फक्त किटच्या रिमोटने होकार दिल्यावर तिचं वेटोळं रिंगला जोडतात. पण मग तुमचं सगळं संरक्षण त्या किटच्या रिमोटइतकंच, आणि हजार-दोन हजारांच्या किटचा रिमोट बऱ्याचदा दर वेळी तोच कोड पाठवतो. तो हवेतून टिपून परत वाजवणं अवघड नाही.

त्यात आणखी तीन बारीक घोळ होतात. इग्निशनच्या जाड तारा कापून मधे रिले घातलेले असतात. ते सांधे पिळून टेप मारलेले असतील तर तापतात, आणि चालत्या गाडीत बंद पडणं, प्रसंगी वायरिंग जळणं, हे त्यातून होतं. यांत्रिक स्टिअरिंग लॉक निकामी करावा लागतो, कारण किल्ली न लावता तो उघडत नाही. म्हणजे फुकटात मिळालेलं दुसरं कुलूपही गेलं. शिवाय चोरी झाली तर विमा कंपनीला तुम्ही देणार ती दुसरी किल्ली पोकळ असते.

काढताना टेप सोडून चिप परत किल्लीत घाला, कापलेल्या तारा सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) लावा आणि स्टिअरिंग लॉक परत बसवायला सांगा. काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या; ज्याने बसवलं त्याच्याकडून नको.

प्र. आमच्या भागात ड्राइव्हवेवरून एसयूव्ही चोरीला जातात. किल्ली घरात, काच शाबूत, गाडी गायब. चिप असताना हे कसं होतं? – एक वाचक, ब्रॅम्प्टन, कॅनडा

उ. कॅनडात इमोबिलायझर २००७ च्या सप्टेंबरपासून सक्तीचा आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत तो नक्की आहे. पण स्मार्ट किल्ली खिशातूनच बोलते, ती इग्निशनला लावावी लागत नाही. गाडी मंद लहरींवर (तीच सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासची) ‘जवळ कोण आहे?’ विचारते आणि किल्ली रेडिओवर उत्तर देते. चोर दोघे असतात. एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराशी वेटोळ्याचा अँटेना धरून. गाडीची हाक उचलून तो घरातल्या किल्लीपर्यंत पोहोचवतो. किल्ली खरी, उत्तर खरं, गणितही बरोबर. चूक फक्त अंतराच्या समजुतीत आहे.

उपाय म्हणजे किल्ली धातूच्या अस्तराच्या पाऊचमध्ये ठेवणं. पाऊच आणल्या दिवशी आणि नंतर दर महिन्याला तपासा: किल्ली आत ठेवून दाराच्या मुठीला हात लावा. दार उघडलं तर पाऊच फेका. घडीवरचं अस्तर काही महिन्यांत फाटतं. दुसरी किल्लीही त्यातच, हे विसरलं जातं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बऱ्याचदा चालतो, पण त्याचीही हीच परीक्षा घ्या. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांना झोपवता येतं: लॉकचं बटन दाबून धरा आणि अनलॉक दोनदा दाबा, दिवा चार वेळा लुकलुकतो. कुठलंही बटन दाबलं की किल्ली जागी होते. नव्या महागड्या गाड्यांतल्या अल्ट्रा-वाइडबँड किल्ल्या उत्तर यायला लागलेला वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधे कुणी निरोप्या आला की उशीर पकडला जातो.

आता वाईट बातमी. एक पद्धत अशी आहे की तिला किल्ली लागतच नाही. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका सुरक्षा संशोधकाची स्वतःचीच टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली आणि पुढल्या वर्षी त्यामागची युक्ती उघड झाली. पुढचा बंपर ओढून हेडलाइटच्या कनेक्टरमधून गाडीतल्या कंप्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन वायरिंगवर ‘किल्ली ओळखली’ असा खोटा निरोप घालायचा. पाऊच इथे काहीच करू शकत नाही. गाडी पुढच्या बाजूने भिंतीला किंवा गॅरेजच्या दाराला चिकटवून उभी करणं, स्टिअरिंगला जाड लोखंडी दांडा लावणं आणि इंजिनचा पुरवठा तोडणारा लपवलेला स्विच, हेच उपाय. चोर घाईत असतो. ग्राइंडरचा आवाज त्याला नको असतो.

प्र. आमच्या सोसायटीतही असंच होईल का? – दोन वाचक, ठाणे आणि नागपूर

उ. भारतात एसयूव्ही चोरणाऱ्या टोळ्या बहुतेकदा वेगळी वाट धरतात: काच फोडायची, ओबीडी पोर्टला टॅब्लेट जोडायचा आणि स्वतःची कोरी किल्ली यादीत नोंदवायची. दुसऱ्या उत्तरात जे काम चावीवाला करतो तेच. म्हणून ओबीडी पोर्टवर लोखंडी कुलूप-डबी बसवा. मेकॅनिकला सर्व्हिसिंगच्या वेळी डबीची किल्ली द्यायला विसरू नका, नाहीतर तो डबीच तोडेल. पोर्ट दुसरीकडे हलवून जुन्या जागी रिकामा पोर्ट ठेवणारेही आहेत. युक्ती छान, पण वॉरंटीतल्या गाडीत करू नका.

गिअर लॉक जुनाट दिसतो, पण नोंदवलेली नवी किल्ली त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. आमचं मत विचाराल तर ओबीडी डबी आणि गिअर लॉक ही जोडी हजारो रुपयांच्या भोंगावाल्या अलार्मपेक्षा उपयोगी. अलार्म वाजला की सोसायटीत कोण उठतं, हे तुम्हीच सांगा.

प्र. माझ्याकडे २००२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, इमोबिलायझर नाही. काय बसवता येईल? – एक वाचक, जळगाव

उ. चिपची व्यवस्था बाहेरून बसवण्यापेक्षा लपवलेला स्विच स्वस्त आणि भरवशाचा. फ्युएल पंपाच्या रिलेला ३०, ८५, ८६, ८७ (आणि कधी ८७ए) असे आकडे असतात. ८५ आणि ८६ म्हणजे रिलेच्या कॉइलच्या दोन बाजू, तिथून जेमतेम पाव अँपिअरच्या आत प्रवाह जातो. स्विच या तारेत घाला. पंपाची जाड तार कापून स्विचमधून नेलीत तर स्विच तापेल आणि एक दिवस घाटात दगा देईल. ०.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. सांधा सोल्डर करून हीट श्रिंक लावा.

स्विच स्टिअरिंगखाली नको, चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. सीटखाली, हँडब्रेकच्या कव्हरमध्ये, मागच्या ट्रिममध्ये ठेवा, पण मुलांचा पाय किंवा सामान लागून चालत्या गाडीत तो दबेल अशा जागी नको. स्विच बंद असतानाही लाइनमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन काही सेकंद चालतं आणि मग गाडी सोसायटीच्या दाराशी बंद पडते. चोर बहुधा तिथेच सोडून जातो. कार्बोरेटरच्या गाडीत पंप यांत्रिक असतो, तिथे इग्निशन कॉइलचा पुरवठा तोडा. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्शन पंपावरच्या सोलेनॉइडची तार.

जीपीएस ट्रॅकरबरोबर ‘मोबाइलवरून इंजिन बंद’ करण्याचा रिले देतात. तो जोडलाच तर गाडी थांबलेली असताना पुन्हा सुरू होऊ न देणं, एवढ्यापुरताच वापरा. एक्स्प्रेसवेवर ताशी शंभराने धावणारी गाडी बंद केलीत तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचं बळ दोन्ही जातं. आत चोर असो की तुमचा मुलगा.

प्र. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते म्हणे. एकच असेल तर? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उ. मागते. एक किल्ली नसेल तर कंपनी असा तर्क लढवते की ती गाडीतच राहिली होती, म्हणजे मालकाने काळजी घेतली नाही. म्हणूनच किल्ली हरवल्या दिवशीची पोलिसांतली नोंद आणि कंपनीला पाठवलेला ईमेल सोन्याच्या मोलाचा. किल्ली गाडीत राहिल्याचं सिद्ध झालं तरी सगळं संपत नाही: २०२३ मध्ये एका चोरीला गेलेल्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय दिला. पण त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

चोरी लक्षात आली की ११२ ला फोन, त्याच दिवशी एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला कळवणं. एफआयआर तत्काळ असेल तर कंपनीला कळवायला झालेला उशीर एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरी कंपनीला हे निमित्त देऊच नका. आरटीओलाही लेखी कळवा. पोलिसांना गाडी सापडली नाही की न्यायालयात ‘अ समरी’ जाते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. ती मंजूर झाल्याची प्रत, दोन्ही किल्ल्या, आरसी, सही केलेले २८, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि कर्ज असेल तर बँकेचा ३५ नंबरचा, असा हा कागदांचा गठ्ठा जातो. मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, शोरूममधली नव्हे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवून ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र घेतलं तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलतीची तरतूद आहे. तेवढ्यासाठी म्हणून काही बसवू नका.

प्र. स्कूटरला चिप असते का? – एक वाचक, सोलापूर

उ. बहुतेकांना नाही. होंडाने २०२३ च्या जानेवारीत अॅक्टिव्हाचं एच-स्मार्ट मॉडेल आणलं. त्यात किल्लीची ओळख थेट इंजिनच्या कंप्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, जुळवली जाते. साध्या स्कूटरला हँडल लॉक आणि चाकाला डिस्क लॉक लावा. डिस्क लॉकला भडक रंगाची दोरी बांधून ती हँडलपर्यंत ओढा, नाहीतर सकाळच्या घाईत तुम्हीच तोंडावर पडाल.